धाकट्याच्या फोनची किल्ली

आठवी-नववीतल्या भावंडाच्या फोनला 'लिमिट' लावायचं काम घरोघरी कॉलेजवाल्या ताई-दादाच्या गळ्यात पडतं. दोन दिवसांत निघणार नाही असं लॉक लावायचं कसं आणि ते लावताना भावंडाचा विश्वास शाबूत ठेवायचा कसा, याची ही जुळवाजुळव.

घरातल्या वाय-फायचा पासवर्ड कोणाला पाठ असतो? बाबांचं यूपीआय अडकलं की हाक कोणाला जाते? आजीच्या व्हॉट्सअॅपवर साठलेले 'शुभ सकाळ'चे फोटो उडवून फोनमध्ये जागा कोण करून देतं? घरात कॉलेजला जाणारं कोणी असेल तर ही तिन्ही कामं त्याचीच. या यादीत गेल्या काही वर्षांत चौथं काम आलंय. "अगं, याच्या मोबाइलला काहीतरी लाव ना. रात्री एक वाजता पांघरुणातून उजेड दिसतो," असं आई म्हणते आणि धाकट्याचा फोन आपल्या हातात येतो.

मग आपण काय करतो? सेटिंगमध्ये जातो, इन्स्टाग्रामला एक तास, गेमला अर्धा तास असा टायमर लावतो आणि कॉलर ताठ करून फोन परत देतो. दुसऱ्या दिवशी टायमर गायब. वर धाकटा शांतपणे ऐकवतो, "ताई, ते सेटिंग मलापण उघडता येतं."

त्याचं बरोबरच आहे. अँड्रॉइडमधलं 'डिजिटल वेलबीइंग' २०१८ मध्ये आलं ते माणसाने स्वतःच स्वतःला आवर घालावा म्हणून. सबमिशनच्या आठवड्यात आपण रील्सला लावतो तो हाच टायमर. तो लावणारा आणि काढणारा माणूस एकच असतो. दाराला आतून कडी लावण्यासारखं आहे हे. आत बसलेल्याला वाटेल तेव्हा तो कडी काढणार. भावंडासाठी खरंच टिकणारं लॉक हवं असेल, तर त्याची किल्ली दुसऱ्या फोनमध्ये आणि दुसऱ्या माणसाकडे असायला हवी.

आणि इथे आपली गाठ कच्च्या खेळाडूशी नाही. आपल्यापैकी काहींची दहावी २०२० मध्ये झाली, लॉकडाउनमुळे भूगोलाचा पेपरच रद्द झालेली ती बॅच. आपल्यातल्या बऱ्याच जणांना स्वतःचा फोन दहावी-अकरावीत मिळाला. त्याच वर्षी दुसरी-तिसरीत असलेल्या भावंडांची मात्र शाळाच फोनवर भरायला लागली. आपल्या हातात पंधरा-सोळाव्या वर्षी आलेली वस्तू त्यांच्या हातात सात-आठव्या वर्षी आली. त्यामुळे 'आमच्या वेळी असं नव्हतं' हे भाषण त्यांच्यापुढे चालत नाही. त्यांना फोन आपल्याइतकाच कळतो. कधीकधी जास्तच.

आधी खातं कोणाचं ते बघा

लॉक टिकत नाही याचं पहिलं कारण सेटिंगमध्ये नसतंच. ते असतं खात्यात. धाकट्याचा फोन बहुतेक वेळा नवा नसतो. बाबांनी नवा घेतला की जुना खाली सरकतो आणि त्यात बाबांचं गुगल खातं तसंच राहतं. गुगलच्या लेखी तो फोन पंचेचाळीस वर्षांच्या गृहस्थांचा. मग प्ले स्टोअरवर वयाची आडकाठी कशी येणार? यूट्यूबवरचे प्रौढांसाठीचे व्हिडिओ उघडतात, बाबांचे ईमेल आणि फोटो दिसतात आणि कधीकधी पैसे भरायचं कार्डही तिथेच सेव्ह असतं.

दुसरा प्रकार याहून कॉमन. पोराने स्वतःच खातं उघडलेलं असतं आणि जन्मसाल टाकलेलं असतं २०००. इन्स्टाग्रामला किमान तेरा वर्षं पूर्ण लागतात, हे त्याला पाचवीतच माहीत झालेलं असतं. एकदा मोठं वय टाकलं की कंपनीच्या लेखी ते मूल उरतच नाही आणि मुलांसाठी केलेल्या सगळ्या सोयी त्याला वळसा घालून जातात.

या सोयी काय आहेत हे बघितलं की खरी जन्मतारीख का महत्त्वाची ते कळतं. इन्स्टाग्रामची 'टीन अकाउंट्स' भारतात फेब्रुवारी २०२५ पासून आली. त्यात अठरा वर्षांखालच्यांचं खातं आपोआप प्रायव्हेट होतं, अनोळखी माणसाला थेट मेसेज करता येत नाही आणि रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशन गप्प राहतात. सोळा वर्षांखालच्या मुलाला यातलं काही सैल करायचं असेल तर पालकांची परवानगी लागते. म्हणजे आईला हवं होतं त्यातलं बरंचसं काम खऱ्या जन्मतारखेनेच होऊन जातं.

त्यामुळे पहिली पायरी कंटाळवाणी असली तरी टाळू नका. बाबांचे फोटो आणि नंबर बाजूला काढून घ्या, फोन पूर्ण रीसेट करा आणि भावंडाच्या खऱ्या जन्मतारखेच्या खात्यावर तो नव्याने सुरू करा. रविवारची एक सकाळ जाईल, पण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

अँड्रॉइडवर: देखरेख खात्याला बांधा

अँड्रॉइडसाठी गुगलचंच 'फॅमिली लिंक' हे मोफत अॅप २०१७ पासून आहे. यात मुलाचं खातं पालकाच्या खात्याला जोडलं जातं. दिवसाला किती वेळ, रात्री किती वाजता फोन बंद, कोणतं अॅप चालेल, कोणतं नाही, हे सगळं पालकाच्या फोनवरून ठरतं. नवं अॅप घ्यायचं तर विनंती पालकाकडे जाते.

हे टिकतं का? टायमरपेक्षा नक्कीच जास्त, कारण ही देखरेख खात्याला बांधलेली असते. अॅप उडवून ती जात नाही. बटणं दाबून जबरदस्तीने रीसेट मारला, तरी फोन पुन्हा सुरू होताना आधीचं खातं किंवा आधीचं लॉक मागतो. आधीच्या खात्याने आत शिरलं की देखरेखही मागोमाग येते.

पण एक गोष्ट जोडणी करण्याआधीच समजून घ्या. मूल तेरा वर्षांचं झालं की खात्याचे नियम बदलतात. तेरा वर्षांवरच्या मुलाच्या आधीपासून असलेल्या खात्याला देखरेख जोडायची, तर त्याच्या फोनवर त्याचाच पासवर्ड टाकून त्याने 'हो' म्हणावं लागतं. झोपेत असताना गुपचूप लावायची ही गोष्ट नाही. पुढे ती काढायची कोणी, काढली तर कोणाला कळणार, हे तेव्हा स्क्रीनवर लिहून येतं. 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत पुढे जाऊ नका. भावंडाला शेजारी बसवून दोघांनी वाचा.

बाजारात पैसे घेऊन देखरेख करणारी दुसरीही ढीगभर अॅप्स आहेत. त्यांची गोम अशी की फोन 'सेफ मोड'मध्ये सुरू केला की बाहेरून टाकलेली अॅप्स चालतच नाहीत, आणि सेफ मोड कसा लावायचा हे सांगणारे व्हिडिओ पोरांनी कधीच बघितलेले असतात. शिवाय यातली काही अॅप्स मेसेज, फोटो, स्क्रीन सगळ्याची परवानगी मागतात. भावंडाला अनोळखी लोकांपासून वाचवण्यासाठी त्याचं सगळं आयुष्य एका अनोळखी कंपनीच्या सर्व्हरवर नेऊन ठेवायचं, याला काय अर्थ आहे?

आयफोनवर: चार अंक आणि दोन बटणं

आयफोनमध्ये 'स्क्रीन टाइम' २०१८ पासून आहे. त्याला फोन उघडायच्या पासकोडपेक्षा वेगळा चार अंकी पासकोड लावता येतो. इथे तीन ठिकाणी गडबड होते. एक, हा कोड विसरला तर परत मिळवायला अॅपलचं खातं विचारलं जातं. तिथे भावंडाचंच खातं टाकलं तर कोड बदलायची किल्ली तुम्ही त्याच्याच खिशात ठेवलीत. तिथे आई-बाबांचं खातं हवं. दोन, वेळेची मर्यादा लावताना 'ब्लॉक अॅट एंड ऑफ लिमिट' हे बटण चालू करायचं राहून जातं. मग वेळ संपल्यावर फोन फक्त आठवण करतो, अडवत नाही. रात्रीच्या 'डाउनटाइम'लाही असंच वेगळं बटण आहे. तीन, अॅप उडवून पुन्हा टाकणं आणि खात्यात बदल करणं या दोन गोष्टी निर्बंधांमध्ये जाऊन बंद कराव्या लागतात.

आणि कोड? आईचं जन्मसाल, गाडीचा नंबर, १२३४ हे सगळं पहिल्या दहा मिनिटांत ओळखलं जातं.

पळवाटांचा नकाशा

लॉक लावणाऱ्याने चोरासारखा विचार करायचा असतो. घरोघरी सापडणाऱ्या पळवाटा साधारण अशा.

आईचा फोन. सगळ्यात मोठं भगदाड हेच. फॅमिली लिंकची किल्ली आईच्या फोनमध्ये, आणि आईच्या फोनचा पॅटर्न घरातल्या सगळ्यांना माहीत. आई कुकर लावायला गेली की धाकटा तिच्या फोनवरून स्वतःलाच जादा वेळ बहाल करतो. आधी आईच्या फोनचं लॉक बदला, मग त्याच्या फोनला हात लावा.

स्क्रीन रेकॉर्डिंग. "ताई, तूच कोड टाक, मी बघत नाही," असं म्हणून फोन पुढे केला जातो आणि मागे रेकॉर्डिंग चालू असतं. कोड टाकण्याआधी वरची पट्टी ओढून बघा.

ब्राउझर. इन्स्टाग्रामचं अॅप बंद केलं, पण तेच क्रोममध्ये उघडतं. अॅपसोबत वेबसाइटही अडवायला हवी.

जुळी अॅप्स. बऱ्याच फोनमध्ये एकाच अॅपच्या दोन प्रती चालवायची किंवा फोनमध्येच दुसरी वेगळी जागा उघडायची सोय असते. पहिल्या प्रतीला लिमिट, दुसरी मोकाट.

ड्रॉवरमधला फोन. काच तडकलेला, सिम नसलेला, पण वाय-फायवर मस्त चालणारा. त्याचा हिशोब कोणीच ठेवत नाही.

मित्राचा हॉटस्पॉट. काही जण घरच्या राउटरलाच फिल्टर लावतात. नको त्या साइट अडवायला तो उपयोगीही पडतो, पण त्याची हद्द घराच्या भिंतीपर्यंत. मोबाइल डेटा चालू केला किंवा मित्राचा हॉटस्पॉट घेतला की राउटर बघत बसतो.

ही यादी वाचून एक गोष्ट लक्षात आली असेल. कुठलंही लॉक कायमचं अभेद्य नाही. आपण फक्त ते काढायला लागणारे कष्ट वाढवतो. रात्री एक वाजता 'अजून एक व्हिडिओ' म्हणणाऱ्या मुलासाठी तेवढी अडचण बऱ्याचदा पुरते. पण जो काढायचंच ठरवून बसलाय, त्याला सेटिंग थांबवणार नाही. तिथे दुसरं काहीतरी लागतं.

कुलूप की सीसीटीव्ही?

देखरेखीच्या नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात. रात्री दहानंतर फोन बंद, नवं अॅप विचारून, पैसे भरायची सोय नाही, ही झाली मर्यादा. तिची मुलाला माहिती असते. गुपचूप चॅट वाचणं, कोणाशी किती वेळ बोलली ते तपासणं, क्लासहून घरी येईपर्यंत नकाशावरचा ठिपका बघत बसणं, ही झाली पाळत. आईने लॉक लावायला सांगितलं असलं तरी, हातात फोन असताना दुसरी गोष्टही सहज करता येते. ती करायची का, हा निर्णय आपला असतो.

यात आणखी एक गाठ आहे, आणि ती आपल्या घरांत चांगलीच घट्ट आहे. नववीतल्या मुलाच्या फोनला लिमिट लागते ती त्याचा अभ्यास बुडू नये म्हणून. नववीतल्या मुलीच्या फोनला लागते ती 'कोणाशी बोलते' म्हणून. त्याचे तास मोजले जातात, तिचे कॉन्टॅक्ट मोजले जातात. तुम्ही लॉक लावणारे असाल, तर निदान एवढं तरी बघा की दोघांना नियम सारखेच आहेत.

कारण याची किंमत फार मोठी असू शकते. समजा, एखाद्या अनोळखी खात्याने आठवीतल्या मुलीकडे फोटो मागितला, किंवा चुकून गेलेल्या फोटोवरून धमकावायला सुरुवात केली. ती घरी सांगेल का? तिला पक्कं माहीत असतं की पहिलं वाक्य येणार, "आण तो फोन इकडे." म्हणून ती सांगत नाही. गप्प राहणारं मूल म्हणजे धमकावणाऱ्यासाठी लॉटरीच. गेममध्ये पैसे घालवलेल्या मुलाचंही तेच. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर २०२५ च्या कायद्याने देशात बंदी आली, पण एखाद्या लिंकवर अडकलेला मुलगा 'मार बसेल' म्हणून बोलत नसेल, तर कायदा त्याच्यापर्यंत पोहोचणार कसा?

म्हणून लॉक लावायच्या दिवशीच एक वचन द्यायला हवं, आई-बाबांच्या समोर आणि त्यांच्याकडून वदवून घेऊन: काहीही घडलं आणि तू येऊन सांगितलंस, तर त्यासाठी फोन जाणार नाही. फॅमिली लिंकमध्ये हे बटण नाही. पण बाकीच्या सगळ्या बटणांपेक्षा हेच जास्त वाचवतं.

दोन गावं, दोन उपाय

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. २०२२ च्या ऑगस्टपासून तिथे संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजायला लागला. भोंगा झाला की गावातले टीव्ही आणि मोबाइल दीड तास बंद. मुलं अभ्यासाला बसणार आणि मोठी माणसंही मालिका लावणार नाहीत. याची बातमी देशभर झाली.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बांशी ग्रामपंचायतीने वेगळा ठराव केला. अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइल वापरायला बंदी. जगात याहून मोठ्या पातळीवरही हेच झालंय. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रमुख सोशल मीडियावर खातं ठेवायला मनाई केली. आपल्याकडच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानेही अठरा वर्षांखालच्यांची माहिती वापरण्याआधी पालकांची खातरजमा केलेली संमती घेण्याचं बंधन कंपन्यांवर टाकलंय. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होताहेत.

दोन्ही गावांमागची काळजी एकच. फरक एवढाच की वडगावचा भोंगा सगळ्यांसाठी वाजतो. सातवीतल्या मुलाला जो नियम, तोच त्याच्या बाबांना. घरात हे करून बघण्यासारखं आहे. रात्री दहाला धाकट्याचा फोन बंद होणार असेल तर हॉलमध्ये एकच चार्जिंगची जागा ठरवा आणि तिथे पाचही फोन ठेवा. बाबांचा, आईचा आणि हो, आपलाही. स्वतः पहाटे दोनपर्यंत स्क्रोल करत दुसऱ्याच्या फोनला लॉक लावणाऱ्या ताईचं ऐकायचं कोणी?

किल्ली द्यायची तारीख

मोठ्यांच्या नियमांत नेहमी एक चूक असते. ते कधी सुरू होतात हे सांगतात, कधी संपणार हे सांगत नाहीत. शेवट दिसत नसलेलं लॉक फोडावंसंच वाटतं. म्हणून कागद घ्या आणि भावंडासोबत टप्पे लिहा. आठवीत नवं अॅप विचारून आणि रात्री दहाला बंद. नववीत अॅपची यादी तो ठरवेल, वेळ आपण. दहावीची परीक्षा झाली की वेळही तो ठरवेल, फक्त रात्रीचा नियम सगळ्या घरासोबत राहील. अकरावीत देखरेख काढायची. टप्पे तुमच्या घरात वेगळे असतील, पण पुढच्या पायरीची तारीख त्यावर हवीच.

याची आपल्यालाही गरज आहे. उद्या आपण होस्टेलला जाऊ, नोकरीला पुण्या-बंगळुरूला जाऊ. तेव्हा नववीतल्या भावाच्या फोनची किल्ली आपल्या खात्यावर अडकलेली नको. पालक म्हणून आई-बाबांचंच खातं जोडा, कोड कागदावर लिहून कपाटाच्या लॉकरमध्ये ठेवा आणि जादा वेळ कसा द्यायचा, तो कसा नाकारायचा, हे आईला शिकवून ठेवा. सगळी किल्ली एका ताईकडे राहिली तर भावंड तिच्याशी फक्त 'वाढव ना गं अर्धा तास' एवढंच बोलायला लागतं. तेवढ्यासाठी ताई व्हायचं नसतं.

लॉक लावायला बसण्याआधी

• फोनमध्ये खातं कोणाचं आहे आणि जन्मतारीख खरी आहे का, हे आधी तपासा.

• आईच्या आणि बाबांच्या फोनचं लॉक बदला. पॅटर्नऐवजी सहा अंकी पिन ठेवा.

• भावंडाच्या फोनमध्ये कोणाचंही कार्ड किंवा यूपीआय नको.

• ड्रॉवरमधले जुने फोन बाहेर काढा. विका, द्या किंवा रीसेट करून बंद ठेवा.

• शाळा-क्लासचे ग्रुप, कॉल आणि नकाशा कायम चालू राहतील असं बघा. संध्याकाळी रिक्षा न मिळालेल्या मुलीचा फोन 'वेळ संपली' म्हणून अडून बसता कामा नये.

• काय लावलं आणि का, हे भावंडाला दाखवा. त्याच्या नकळत काहीही लावू नका.

• महिन्यातून एकदा दोघं बसून नियम तपासा. जो नियम बिनकामाचा वाटेल तो काढा.

• ऑनलाइन पैसे गेले किंवा कोणी धमकावलं तर सायबर हेल्पलाइन १९३०, मुलांसाठी चाइल्ड हेल्पलाइन १०९८ आणि मनावर ताण आला तर टेलिमानस १४४१६. हे तीन नंबर भावंडाच्या फोनमध्ये तुम्ही स्वतः सेव्ह करून द्या आणि चौथा तुमचा, स्पीड डायलवर.